माझ्या नावाची मासोळी

दर मंगळवारी सकाळी आईचा फोन यायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "तुझी दिसली गं. बरी हाय." एवढं सांगून ती फोन ठेवून द्यायची. मी कशी आहे हे ती मला एरवी विचारायची नाही. ते तिला डोहावरच कळलेलं असायचं.

मी कर्जतला ब्लाउज शिवते. स्टेशनच्या बाजूला गाळा आहे, दोन मशिनी आहेत, लग्नसराईत जेवायला फुरसत नसते. अशा घाईत फोन वाजला की मी चिडायचे. पण मंगळवारचा फोन मी कधी टाळला नाही. कारण ज्या मंगळवारी 'तुझी' दिसायची नाही, त्या दिवशी माझी धडगत नसायची. डोकं दुखतंय का, मशीनमध्ये बोट गेलं नाही ना, जावयाशी भांडलीस का, रस्ता ओलांडताना बघतेस ना. मी म्हणायचे, "आई, मासा दिसला नाही तर मासा आजारी असेल, मी कशाला असेन?" त्यावर तिचं उत्तर एकच. "तुज्या जिभेला काय हाड?"

माझं माहेर चौक गावाच्या अलीकडे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यापासून थोडं आत. डोंगरातून येणारा वहाळ रस्त्याच्या मोरीखालून जातो आणि आमच्या गावाला वळसा घालून देवीच्या देवळाशी येतो. तिथे खडकात मोठा डोह आहे. उन्हाळ्यात बाकीचा वहाळ गोट्यांचा ढीग होऊन पडतो, पण डोहाचं पाणी बारमाही. त्या डोहात देवीचे मासे. मोठाल्या खवल्यांचे, पाठीवर काळपट आणि कुशीला पितळी झाक असलेले. त्यांना दुसरं काही नाव असेल तर असो, आम्ही देवीचे मासे म्हणायचो.

ते मासे कुणी मारायचं नाही. वरच्या वाडीतली माणसं पावसाळ्यानंतर अख्खा वहाळ चाळून काढत, पण देवळाच्या जांभळापासून खालच्या सपाट खडकापर्यंत पाण्यात बोटसुद्धा घालत नसत. आमच्या आळीतल्या पक्क्या मासेखाऊ म्हाताऱ्याही तिथे पाय न भिजवता हात जोडून पुढे जायच्या. देवीच्या धाकामुळे मासे राखले गेले आणि माशांच्या जोडीने बाकीच्यांचंही फावलं. कपारींत खेकडे, तळाच्या वाळूत झिंगे, जांभळाच्या फांदीवर खंड्या, मधल्या खडकावर पंख वाळत घातलेला पाणकावळा. शिवाय एक कासव होतं. ते गावातल्या थोरांसारखं दुपारी बाहेर यायचं आणि कुणाकडे बघायचं नाही.

आणि नथ. ही आमच्याच गावची रीत असावी, मी इतर कुठे ऐकली नाही. कुणाचं मूल जगत नसेल तर आई देवीला नवस करायची. मूल जगलं, वर्षाचं झालं, की गुरव पाण्यात उतरून ओल्या उपरण्यात एक मासा अलगद धरायचा आणि त्याच्या ओठाच्या कडेला पितळेच्या तारेची बारीक नथ अडकवायचा. तो मासा त्या मुलाच्या नावाचा. त्याला सांभाळायचं काम देवीचं, आणि भात घालायचं काम आईचं. माझ्या आधीची आईची दोन मुलं बाळसं धरायच्या आत गेली होती. मी जगले. म्हणून डोहात माझ्या नावाची मासोळी होती. बाकीच्यांच्या नथा नुसत्या तारेच्या, माझ्या मासोळीच्या नथीत आईने आपल्या मंगळसूत्रातला एक काळा मणी ओवला होता. सासूने तिला त्यावरून पुष्कळ बोल लावले म्हणे. आई म्हणाली, कुंकवाचा धनी घरात धडधाकट बसलाय, मणी पोरीला नको का?

मी मोठी झाल्यावर तिला छळायचे. "मासोळी एवढी वर्षं जगते का गं? गुरव मधूनच दुसरीला नथ घालत असेल. तू भात भलतीलाच घालतेस." ती खरोखर रागवायची. तिला तो मणी ओळखीचा होता, मासोळीच्या शेपटीला असलेली खोक ओळखीची होती, आणि हाक मारल्यावर ती बाकीच्यांना ढकलून पुढे कशी येते तेही. "आगाव हाय, तुज्यावानी," असं म्हणायची.

डोह एका दिवसात बिघडला असं मी म्हणणार नाही. आधी रस्त्याकडची गॅरेजं वाढली आणि पावसाच्या पहिल्या लोंढ्यात पाण्यावर तेलाचे रंग दिसायला लागले. लहान मुलं ते बघून खूश व्हायची. मग वरच्या माळावर प्लॉट पडले, फार्महाउसं झाली, हिरवळी झाल्या, आणि त्या हिरवळींवर फवारलेलं आणि त्यांच्या न्हाणीघरांतलं सगळं उताराने खालीच आलं. पाणी काही डोंगर चढत नाही. मोरीपाशी कसले कसले टँकर थांबायला लागले. सकाळी कधी पाण्यावर फेस असायचा, कधी घशात धरेल असा उग्र दर्प. टँकर कुणाचे, कुठून येतात, कुणी पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलेल्यांनी सांगितलं नाही.

आणि आम्हीही काही धुतल्या तांदळाचे नव्हतो. डोहाच्या खालीच धुवायचं ही जुनी रीत, पण डोहाकडेचा सपाट खडक सोयीचा पडला म्हणून बायका साबणाची पावडर घेऊन वर सरकल्या. देवीची ओटी प्लॅस्टिकच्या पिशवीतून यायला लागली आणि पिशवीसकट पाण्यात जायला लागली. झिंगे दिसेनासे झाले तेव्हा आम्ही म्हटलं, यंदा ऊन फार आहे. खेकडे कमी झाले तेव्हा म्हटलं, वाडीवाले लबाडी करत असतील. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला आम्हाला कधी वेळ लागला नाही. मासे होते ना? तेवढे दिसले की आमचं समाधान व्हायचं.

मग तो चैत्र आला. देवीची जत्रा चैत्री पौर्णिमेला असते. जत्रा दोन-चार दिवसांवर आलेली, आणि आईचा फोन वाजला. मंगळवार नसताना. मी मशीन थांबवली. तिने शेजारच्या सुनेकडून व्हिडिओ कॉल लावून घेतला होता.

"बघ, बघ गं, तुझी! कशी कडंला आलीय बघ! हात लावून देते बाय, हात लावून देते!"

मला आधी आईचा कान दिसला, मग आभाळ, मग पाणी. सगळ्या डोहाच्या पृष्ठभागावर तोंडंच तोंडं होती. गोल, उघडी, मिटणारी, पुन्हा उघडणारी. एरवी भात पडेपर्यंत तळ न सोडणारे मासे काठाला येऊन डोकं पाण्याबाहेर काढत होते. त्यात माझी. ओठाला नथ, नथीत काळा मणी. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि ती पळत नव्हती.

"देवी परसन झाली गं," आई म्हणाली. मलाही ते खरं वाटलं, खोटं कशाला सांगू. हातातला ब्लाउज बाजूला ठेवून मी फोनलाच नमस्कार केला.

गुरवाने जाहीर केलं की देवीचे मासे जत्रेआधी दर्शन द्यायला वर आले आहेत. ते चित्रीकरण या फोनवरून त्या फोनवर गेलं आणि चौकपासून लोधिवलीपर्यंतची माणसं यायला लागली. ढाब्यावर थांबलेल्या गाड्यासुद्धा वाट वाकडी करून आल्या. कुणी भात आणला, कुणी कुरमुरे, कुणी बिस्किटं. पावाच्या लाद्या आल्या. प्रत्येकाला आपल्या हातचा घास देवीच्या माशाच्या तोंडात पडायला हवा होता. मी त्याच संध्याकाळी शेअरच्या मॅजिक गाडीतून उतरून गावात पोचले तेव्हा देवळासमोर ही गर्दी, लाउडस्पीकर, नारळवाल्याची गाडी. जत्रा आधीच भरल्यासारखी वाटत होती.

आई मात्र घरी उंबऱ्यात बसली होती. दिवसभर डोहावर असलेली बाई गर्दी सोडून घरात का आली, मला कळेना.

"खात नाय गं ती," ती म्हणाली.

"पोट भरलं असेल. एवढी माणसं भरवतायत."

"नाय गं. एकबी खात नाय. तोंड उघडतायत, पन घास घेत नायत. भात तसाच तरंगतोय." मग म्हणाली, "म्या गुरवाला सांगितलं. तो बोलला, देवाच्या कामात खोट काढू नको."

पहाटे तिने मला हलवून उठवलं. "उठ. पाण्याला वास मारतोय."

वास रंगाच्या उघड्या डब्यासारखा होता. आम्ही पोचलो तेव्हा उजाडत होतं. डोहाचं पाणी पांढरं दिसत होतं. मला वाटलं फेस आहे. जवळ गेल्यावर कळलं की ती पोटं आहेत. सगळे मासे उताणे, एकमेकांना चिकटून, आणि त्यांच्या मधे मधे फुगलेले पाव. बेडूक मेले होते. उरलेसुरले खेकडे पाण्यातून बाहेर येऊन खडकावरच मेले होते. कासव कुठेच नव्हतं. खंड्या फांदीवर बसून होता, पण सूर मारत नव्हता.

आई ओरडली नाही. तिने पदर खोचला आणि पाण्यात उतरली. ज्या पाण्यात तिने जन्मात कधी पाय भिजवला नव्हता त्यात कमरेपर्यंत. मी "आई, अंगाला बाधेल!" म्हणून ओरडले, पण ती ऐकेना. मग मीही उतरले. मग बाकीच्या बायका आल्या, पुरुष आले, गुरव आला आणि पायरीवर मटकन बसला.

तेवढ्यात एक टेंपो आला. दोघं उतरले, क्रेट खाली ठेवायला लागले. म्हणाले, "नाहीतरी टाकूनच देणार ना? आम्ही नेतो." मला जो राग आला तो मला आजही पुरून उरलाय. पहिला क्रेट मी उचलला आणि त्यांच्या टेंपोच्या काचेवर भिरकावला. काच फुटली नाही, त्याचं मला वाईट वाटलं. आई पाण्यातूनच म्हणाली, "दादा, ही आमच्या पोरांच्या नावाची हायत. बाजारात नाय जायची." ते क्रेट उचलून निघून गेले.

खायचे नाहीत, फेकायचे नाहीत. माती द्यायची असं ठरलं. जांभळाखाली खड्डा खणला. पुरुष घमेली भरून द्यायचे आणि बायका एकेक मासा खाली ठेवायच्या, वर जांभळाचे डहाळे. ज्यांच्या घरच्या नथा होत्या त्या बायका ओठ चाचपून बघत होत्या. आता नथ घालायची रीत मोडल्यासारखीच आहे, जुन्या थोड्याच उरल्या होत्या. एखादी सापडली की ती बाई जागीच बसायची आणि तिला दुसऱ्या दोघी धरायच्या. तिचा मुलगा मुंबईला नोकरीला, ठणठणीत. तरी ती रडायची. एकीने तर तिथूनच मुलाला फोन लावला आणि नुसती "बोल, बोल" म्हणत राहिली.

आई खड्ड्याच्या पलीकडच्या टोकाला होती. घमेल्यातून मासा उचलायचा, तोंड बघायचं, ठेवायचा. मी तिच्यावर नजर ठेवून होते, कारण ती कधीही कोसळेल असं मला वाटत होतं. तिचे हात एकदा थांबले. ती माझ्याकडे पाठ करून वळली. पण वळताना मी पाहायचं ते पाहिलं. शेपटीची खोक पाहिली, पितळेची तार पाहिली. तिने दोन बोटांनी काहीतरी ओढून काढलं आणि ओच्यात खोचलं. मग तो मासा तिने दुसऱ्या कुणाच्या हातात न देता स्वतः खड्ड्यात उतरून तळाशी ठेवला, त्यावर डहाळे घातले, आणि आणखी घातले.

जन्मभर मी त्या मासोळीची थट्टा केली होती. मला मरणाची भीती वाटली, अगदी स्वच्छ भीती, आणि तिची लाजही वाटली नाही.

आई माझ्यापाशी आली. हात पुसत, माझ्या तोंडाकडे न बघता म्हणाली, "तुझी नाय यात. म्या सगळ्या बघितल्या. खालच्या अंगाला पळाली आसंल, आगावच ती."

"बरं झालं," मी म्हटलं.

दुपारी सरकारी माणसं आली. वरातीमागून घोडं, तोवर वरून आलेलं काय ते वाहून गेलं होतं. त्यांनी बाटल्यांत पाणी भरलं, मोरीपाशी जाऊन फोटो काढले. त्यांच्यातला एक जण भला वाटला. गुरवाने त्याला विचारलं की एका रात्रीत असं कसं झालं. तो म्हणाला, एका रात्रीत नाही. पाण्यातली हवा आधीपासूनच संपत आली होती. पाण्यात हवा उरली नाही की मासे श्वासासाठी वर येतात, तोंड बाहेर काढून हवा घ्यायची धडपड करतात. त्यात रात्री वरून काहीतरी आलं असणार. "आणि हे पाव कुणी टाकले?" त्याने विचारलं. "अन्न कुजलं की आहे ती हवाही जाते."

"म्हंजे ते दर्शन नवतं?" गुरव म्हणाला.

त्या माणसाने मान खाली घातली. मला त्या व्हिडिओतली तोंडं आठवली, आणि मी फोनला जोडलेले हात. ते श्वास मागत होते आणि आम्ही पाव टाकत होतो. तपासाचं पुढे काय झालं ते आम्हाला कुणी कळवलं नाही. मोरीपाशी टँकर काही दिवस आले नाहीत, मग पुन्हा यायला लागले. त्या वर्षी देवीची पालखी वाजंत्रीशिवाय निघाली आणि गावात कुणाच्याही घरी मटणाचं, तिखटाचं जेवण झालं नाही.

मी कर्जतला परतले. मंगळवारी फोन वाजला तेव्हा मला घ्यावासा वाटेना. घेतला.

"तुझी दिसली गं," आई म्हणाली. "बरी हाय."

मी मशीन चालूच ठेवली. पुढच्या मंगळवारी पुन्हा. "दिसली. भात खाल्लान." एकदा मी न राहवून विचारलं, "नथ आहे का गं?" ती म्हणाली, "हाय तर! नथ कुठं जाते?" मात्र आता ती लगेच फोन ठेवत नव्हती. जेवलीस का, चालताना दम लागतो का, रक्त तपासून घे ना एकदा. मंगळवार सोडून इतर दिवशीही फोन यायला लागले. कधी नुसतीच म्हणायची, "काय नाय, आवाज ऐकायचा व्हता."

मी तिला सांगू शकले असते की आई, मी पाहिलंय. भांडायला मला कधी धीर लागत नाही. पण ते शब्द तोंडावर आले की मला तिची ती पाठमोरी आकृती दिसायची.

श्रावणात माहेरी गेले. मंगळवार होता. आई घरात नव्हती, म्हणून देवळाकडे गेले. वहाळ भरून वाहत होता. पाणी वरून बघाल तर नितळ, कुणालाही वाटेल काही झालंच नाही. पण काठाशी जरा उभं राहिलं की कळत होतं. बेडकाचा आवाज नाही, चतुर भिरभिरत नाहीत, खंड्याची फांदी रिकामी. डास मात्र एवढे, की दिवसाही चावत होते. पूर्वी आमच्या आळीत इतके डास नव्हते. त्यांची अंडीपिल्लं कोण खात होतं, त्याचा आम्ही कधी विचारच केला नव्हता.

आई सपाट खडकावर उकिडवी बसली होती. मी जांभळापाशीच थांबले. तिने हातातल्या वाटीतला भात मूठ मूठ पाण्यावर टाकला. "ये गं," म्हणाली, "ये बाय." भात तरंगत राहिला. ती वाट बघत बसली. मग तिने मागे न बघता हात लांब केला आणि पाण्यावर हलकेच थापट्या मारल्या, एकदा इथे, एकदा तिथे. शितं बुडेपर्यंत ती मारत राहिली. पाण्यावर काही उरलं नाही तेव्हा वाटी धुतली आणि उठली.

वळल्यावर तिला मी दिसले. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना. ती घाईघाईने म्हणाली, "आत्ताच येऊन गेली गं. जरा आधी आली असतीस तर..."

"बघितली मी," मी म्हटलं. "सगळा भात खाल्ला तिने."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग वाटी माझ्या हातात दिली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "चल. डास चावतील तुला."